लॅपटॉपच्या वेबकॅमवर व्हिडिओ कॉलमध्ये चित्र धूसर येतं. बाहेरचा कॅमेरा घ्यावा का?

लगेच घेऊ नका. आधी टेबल फिरवून बघा.

यावरून माझा भावजींशी वाद झाला होता आणि तो अजून मिटलेला नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. ताई ऑनलाइन क्रोशे शिकवते. शिकणाऱ्या सगळ्यांची एकच तक्रार: सुई दिसत नाही. ताईने आकड्यात दोरा अडकवून ओढला की बोटं आणि सुई मिळून नुसता करडा फराटा उमटायचा. टाका कोणत्या वेढ्यातून काढला, ते कुणाला कळायचंच नाही. भावजींनी निकाल देऊन टाकला, लॅपटॉपचा कॅमेरा टाकाऊ आहे, फोर-के (खूप बारीक तपशील टिपणारा) कॅमेरा मागवू. मी म्हटलं, आधी उजेडाचं बघा. ऐकलं नाही. नवा कॅमेरा आला आणि फराटा तसाच राहिला.

मागे पुस्तकांचं कपाट छान दिसतं म्हणून ताई खोलीच्या आतल्या कोपऱ्यात बसायची. वर एक दिवा, त्यात तिच्याच डोक्याची सावली हातांवर. एरवी कॅमेरा सेकंदाला ३० चित्रं घेतो. उजेड कमी पडला की बरेच वेबकॅम १५ वर येतात आणि प्रत्येक चित्रासाठी सेन्सर (उजेड टिपणारा भाग) जास्त वेळ उघडा ठेवतात. तेवढ्यात सुई सरकून जाते. शिवाय कमी उजेडात कॅमेऱ्याने सिग्नल वाढवल्यामुळे चित्रात दाणे येतात, आणि चित्राचा डेटा दाबून लहान करून पाठवताना कॉलचं अ‍ॅप सगळंच पुसट करून टाकतं. ग्रुप कॉलमध्ये बहुतेक वेळा ७२०पी (फोर-केपेक्षा बराच कमी तपशील) किंवा त्याहून कमीच पुढे जातं, मग फोर-के घेऊन काय करायचं?

शेवटी मी टेबल खिडकीसमोर आणलं, ताईला खिडकीकडे तोंड करून बसवलं आणि मुद्दाम लॅपटॉपचाच कॅमेरा लावला. दोऱ्याचा पीळसुद्धा दिसला! भावजी अजूनही श्रेय नव्या कॅमेऱ्याला देतात. तो त्या दिवशी खोक्यात होता, हे मी इथे लिहून ठेवते.

रात्री शिकवायचं असेल तर लॅपटॉपच्या मागे दिवा ठेवा, त्याचा झोत तुमच्या समोरच्या भिंतीवर पाडा. चित्रात पट्टे सरकताना दिसले तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ५० हर्ट्झ निवडा (जिथे वीज ६० हर्ट्झची आहे तिथे ६०). भिंगही पुसा, त्यावर बोटांचं तेल असतंच. आयफोन आणि मॅक असेल तर मॅकच्या २०२२ च्या व्हेंचुरा आवृत्तीपासून फोनच कॅमेरा म्हणून लावता येतो. अँड्रॉइड १४ असलेल्या काही फोनमध्ये यूएसबीने तीच सोय आहे.

हां, कॅमेरा हातांवर वरून रोखायचा असेल तर लॅपटॉपचा चालणार नाही, बाहेरचाच लागेल. तो घेताना फोर-के सोडा, एक्स्पोजर (प्रत्येक चित्रासाठी सेन्सर किती वेळ उघडा ठेवायचा ते) हाताने ठरवता येतं का ते बघा. आणि इंटरनेटच रडत असेल तर यातलं काहीच उपयोगी पडणार नाही.