शोधाच्या चौकटीत काय ठेवावं

दांडिया बाजार, बडोदे

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तू बनवलेला, मजकूर लिहायचा तो एडिटर दोन दिवस वापरला. हलका आहे, देवनागरी टाइप करताना कुठे अडत नाही. मग कंट्रोल-एफ दाबलं आणि शोधाच्या चौकटीत अकरा बटणं मोजली. यातली किती ठेवू, असं तू विचारलंयस. पण आकड्यापासून सुरुवात करू नकोस. कोणता निर्णय एडिटरने गुपचूप घ्यायचा आणि कोणता लिहिणाऱ्याला विचारून घ्यायचा, हे आधी ठरव.

एक करून बघ. तुझ्या एडिटरमध्ये ‘ॲप’ शोध. तो शब्द फाइलमध्ये समोर दिसत असूनही काही ठिकाणी सापडणार नाही. कारण ‘ॲ’ दोन तऱ्हांनी लिहिला जातो. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या जागतिक यादीत, हे स्वतंत्र अक्षर २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आलं. त्याआधी आपण सगळे ‘अ’ला वरून चंद्र जोडायचो, आणि पुष्कळ जण आजही तसंच करतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, आत मात्र वेगळे असतात. ‘दुसऱ्या’चीही तीच गत. कोणी त्यात ऱ वापरतो, कोणी साध्या र-ला हलन्त देऊन पुढे न दिसणारा जोडक घालतो. वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिलेलं एकसारखं करायची युनिकोडची ठरीव रीत (सामान्यीकरण) चालवलीस तरी यातलं काहीच एक होत नाही. त्याची यादी तुला स्वतः करावी लागेल. जे डोळ्याला एकच दिसतं ते शोधातही एकच मिळालं पाहिजे, आणि त्यासाठी बटण नको. ‘जोडक दुर्लक्षित करा’ असं तुझं सहावं बटण आहे ना, ते काढून टाक आणि ते काम कायमचं आत ने. ज्या बाईंना लेख टाइप करून द्यायचाय, त्यांना जोडक म्हणजे काय हे कशाला कळायला हवं?

याउलट ऱ्हस्व-दीर्घ डोळ्याला वेगळे दिसतात. ‘कवि’ शोधताना ‘कवी’ही मिळावा, ही सोय जुनं लिखाण चाळणाऱ्याला फार मोलाची आहे. पण तीच आपोआप चालू ठेवलीस तर ‘दिन’ शोधताना ‘दीन’ही येईल. म्हणून ती ठेव, पण एक पायरी आत, आणि मागितली तरच.

ही पायरी कशी असावी, ते आपल्याच गावात बघता येतं. प्राच्यविद्या मंदिराने काढलेली वाल्मीकि रामायणाची चिकित्सक आवृत्ती कधी चाळली आहेस का? १९६० ते १९७५ या काळात तिचे ७ खंड निघाले. पानावर वर स्वच्छ श्लोक, आणि खाली बारीक टायपात हस्तलिखितांतले पाठभेद. नुसतं वाचणाऱ्याची नजर खाली जातही नाही, आणि ज्याला हवंय त्याला पान उलटावं लागत नाही. तुझ्या चौकटीत मला हेच हवंय. वर एक रिकामी ओळ, शेजारी ‘१२ पैकी ३’ असा आकडा, आणि बाकी सगळं एका बाणाखाली.

व्हीएस कोड या प्रोग्रामरांच्या एडिटरने शब्द बदलायची ओळ अशीच बाणामागे ठेवली आहे आणि शोधाच्या ओळीत तीनच छोटी बटणं दिली आहेत: लहान-मोठी अक्षरं, पूर्ण शब्द, आणि रेगेक्स, म्हणजे नेमक्या शब्दाऐवजी खुणांनी लिहिलेला नमुना शोधणं. ते जसंच्या तसं उचलू नकोस. लहान-मोठ्या अक्षरांचा देवनागरीशी संबंध नाही. ‘पूर्ण शब्द’ही आपल्याकडे जपून वापरावा लागतो, कारण प्रत्यय शब्दाला चिकटतात. पूर्ण शब्द म्हणून ‘घर’ शोधलं की ‘घराला’, ‘घरात’ निसटतात, आणि तो पर्याय बंद केला की ‘घरटं’ही येतं.

रेगेक्स काढू नकोस. केन थॉम्पसन या संगणकतज्ज्ञाने १९६८ साली रेगेक्सने शोधायची रीत छापली, पुढे ती ‘एड’ या एडिटरमध्ये होती, आणि फाइलींत शोधणाऱ्या ‘ग्रेप’ या प्रोग्रामचं नावच एडच्या एका आज्ञेवरून पडलं. इतकी वर्षं टिकलेलं हत्यार आहे ते. पण चालू असेल तेव्हा ते ठळक दिसलं पाहिजे, आणि एडिटर पुन्हा उघडला की बंद असलं पाहिजे. नाहीतर कोणी ‘डॉ.’ शोधेल आणि ‘डॉक्टर’ही हाती येईल, कारण तिथे पूर्णविराम म्हणजे कुठलंही अक्षर. आणखी एक: तुझा एडिटर जावास्क्रिप्ट या भाषेत लिहिलेला आहे, तिथे रेगेक्सच्या ‘कोणताही अंक’ या खुणेत ०-९ हे आपले अंक धरलेच जात नाहीत. तेवढं दुरुस्त कर.

आता बदलण्याबद्दल, कारण इथे माझे हात पोळलेत. एका संस्थेची स्मरणिका मी लावत होतो. सगळीकडे शहराचं आताचं अधिकृत नाव हवं, असं ठरलं. मी ‘बडोदा’च्या जागी ‘वडोदरा’ टाकलं आणि रिप्लेस ऑल दाबलं. ‘बडोदे’ आणि ‘बडोद्याला’ तसेच राहिले. म्हणून नुसतं ‘बडोद’ घेऊन ‘वडोदर’ केलं. छापून आल्यावर कळलं. १९०८ साली सयाजीराव महाराजांनी स्थापलेली बँक ‘बँक ऑफ वडोदरा’ झाली होती, आणि गायिका हिराबाई बडोदेकर ‘हिराबाई वडोदरेकर’. एका ज्येष्ठ बाईंनी ते पान माझ्यासमोर धरलं, त्या काही बोलल्या नाहीत. ती शरम मला अजून आठवते.

म्हणून रिप्लेस ऑल एका टिचकीत होऊ देऊ नकोस. आधी सगळ्या जागा, आजूबाजूच्या चार शब्दांसकट, खाली एकाखाली एक दाखव. प्रत्येकीपुढे टिकची खूण असू दे, म्हणजे नको ती काढता येईल. आणि अनडू एकदा दाबला की सगळे बदल एकदम मागे गेले पाहिजेत. यात एक टिचकी वाढते, तर वाढू दे. साधेपणाच्या नावाखाली ही पायरी तेवढी कापू नकोस.

त्या स्मरणिकेची मूळ फाइल मी ठेवली आहे. तिच्यात दोन्ही तऱ्हांचे ‘ॲ’ आहेत, बडोद्याची सगळी रूपं आहेत, बँक आहे आणि हिराबाईही आहेत. रविवारी सकाळी लॅपटॉप घेऊन घरी ये, तिच्यावरच तुझा शोध चालवून बघू.

तुझा,
काका