पाऊस निम्मा, पूर मोठा : असे का घडते?

प्रश्न : आमचे गाव वणी तालुक्यात वर्धा नदीच्या काठी आहे. गेल्या हंगामात जूनच्या अखेरीस एका रात्रीत आमच्या मंडळात 110 मिलिमीटर पाऊस झाला, पण नाला काठाबाहेर आला नाही. ऑगस्टमध्ये मात्र 60 मिलिमीटर पावसातच पाणी वावरात शिरले आणि पऱ्हाटी तीन दिवस पाण्यात उभी राहिली. पाऊस 65 मिलिमीटरच्या आत असल्यामुळे अतिवृष्टीची नोंदही झाली नाही. हे कसे समजावे?
– एक शेतकरी वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : आपल्या पत्रातील दोन महिन्यांच्या नावांतच उत्तराचा मोठा भाग आहे. जूनमध्ये आपल्याकडच्या काळ्या जमिनीला अजून भेगा असतात, काही ठिकाणी तर हात कोपरापर्यंत आत जाईल एवढ्या, आणि पहिल्या पावसाचे पाणी त्या भेगांतूनच खाली उतरते. जमीन एकदा पुरती भिजली की मातीतील चिकण कण फुगतात, भेगा मिटतात आणि त्यानंतर पाणी मुरण्याचा वेग तासाला जेमतेम काही मिलिमीटर एवढाच उरतो. एक चौरस किलोमीटर शिवारावर 60 मिलिमीटर पाऊस पडला, तर ते 6 कोटी लिटर पाणी होते. जूनमध्ये त्यातील बराच वाटा जमीन पिऊन टाकते. सततच्या झडीनंतर ऑगस्टमध्ये तेवढाच पाऊस दोन तासांत कोसळला, तर जवळजवळ सगळे पाणी नाल्याकडे धावते. पर्जन्यमापकावर दिवसभराची बेरीज दिसते, पाऊस किती तासांत पडला आणि त्याआधीचे आठ दिवस कसे गेले हे दिसत नाही. केवळ 65 मिलिमीटरचा आकडा पाहून पुराचे नुकसान ठरवणे मला म्हणूनच अपुरे वाटते.

धरणांचेही तसेच आहे. ऊर्ध्व वर्धा, निम्न वर्धा, बेंबळा ही धरणे जूनमध्ये बरीच रिकामी असतात आणि वरून आलेला लोंढा पोटात घेतात. ऑगस्टमध्ये ती भरत आलेली असतात, त्यामुळे नवे येणारे पाणी दरवाजांतून खाली सोडावे लागते. त्यातच नागपूर जिल्ह्यातून येणारी वेणा आपल्या तालुक्याच्या वरच्या बाजूला वर्धेला मिळते. म्हणजे आपल्या गावावर आभाळ कोरडे असले, तरी नदी दुसऱ्यांच्या पावसाने भरलेली असू शकते. ऑगस्ट 2020च्या अखेरीस वैनगंगेकाठच्या गावांनी हे फार मोठ्या प्रमाणावर सोसले. पाऊस मुख्यतः मध्य प्रदेशात झाला होता आणि पाणी मात्र भंडारा, ब्रह्मपुरी, गडचिरोलीकडील घराघरांत आले.

आता आपल्या नाल्याविषयी. मोठी नदी फुगलेली असली की तिला मिळणाऱ्या नाल्याचे पाणी पुढे सरकत नाही, ते मागे थोपून राहते. यालाच आपण फुगवटा म्हणतो. आपल्या तालुक्याच्या खालच्या अंगाला वढ्याजवळ पैनगंगा वर्धेला मिळते, त्यामुळे पुसद-उमरखेडकडे मोठा पाऊस झाला, तर वर्धेचा पुढचा निचराही मंदावतो. पऱ्हाटी तीन दिवस पाण्यात राहिली, यावरून मला फुगवट्याचीच शंका अधिक येते, कारण लहान नाल्याचा स्वतःचा पूर सहसा काही तासांतच ओसरतो.

याची खात्री गावातच करता येईल. पाणी चढत असताना सुरक्षित अंतरावरून, पाण्यात न उतरता, तरंगणारा काडीकचरा पाहावा. तो नदीकडे वेगाने जात असेल, तर अडचण नाल्यात आहे : पात्रात माजलेली बेशरमाची झाडे, साचलेला गाळ, दोन्हीकडून पात्रात सरकलेले धुरे, किंवा पुलाऐवजी दोन सिमेंटचे नळे टाकून बांधलेली मोरी. मोरीच्या तोंडाशी पऱ्हाट्या आणि तुराट्या अडकल्या, की तो रस्ता बंधाऱ्यासारखा पाणी अडवतो, हे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. काडीकचरा जागीच फिरत असेल किंवा उलटा वावराकडे येत असेल, तर तो नदीचा फुगवटा आहे, आणि अशा वेळी नाल्याच्या खोलीकरणावर कितीही खर्च केला, तरी उपयोग होणार नाही. हा फरक न पाहता खोलीकरणाचे ठराव घेतले जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

वरच्या शिवारातील बांध-बंदिस्ती आणि माथ्यावरची झाडे यांनी लहान-मध्यम पाऊस निश्चित थोपतो, लोंढा एकदम येत नाही. परंतु सलग झडीनंतरच्या मुसळधार पावसात त्यांचा प्रभाव मर्यादित राहतो.

प्रश्न : निळ्या पूररेषेच्या आत घर बांधू नये म्हणतात. ती रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आहे ना? मग पूर नुकताच येऊन गेला असल्यास पुढची 25 वर्षे निर्धास्त राहता येईल का?
– एक वाचक, जि. चंद्रपूर

उत्तर : नाही. त्या शब्दांचा अर्थ एवढाच, की तेवढा पूर येण्याची शक्यता दरवर्षी 4 टक्के असते, आणि काल पूर आला म्हणून ती यंदा कमी होत नाही. पंचवीस वर्षांच्या मुदतीत असा पूर किमान एकदा येण्याची शक्यता सुमारे 64 टक्के भरते. लाल रेषा 100 वर्षांतून एकदाच्या पुराची असते, तिचाही अर्थ असाच लावावा. घराची जागा ठरवताना रेषेसोबत गावातील वडीलधाऱ्यांना मंदिराच्या किंवा शाळेच्या कोणत्या पायरीपर्यंत पाणी आले होते, तेही विचारून घ्यावे आणि जोते त्याहून वर घ्यावे.