सोबतीला कोण राहणार?

प्रश्न : मी 57 वर्षांची, अविवाहित, निवृत्त शिक्षिका असून वडोदऱ्यात दांडिया बाजारात एकटीच राहते. मला मल्टिपल मायलोमा (रक्ताचा एक कर्करोग) आहे. माझ्याच मूळपेशी (ज्यांपासून रक्तपेशी तयार होतात) वापरून अस्थिमज्जा प्रत्यारोपण करावे, असे अहमदाबादच्या डॉक्टरांचे मत आहे. परंतु जबाबदार माणूस सोबतीला असल्याशिवाय ते तारीख देणार नाहीत. भाऊ परदेशात असतो, मावसबहीण पुण्यात आपल्या संसारात आहे. ब्युरोची बाई ठेवली तर चालेल का?

उत्तर : ताई, ही अट तुम्हाला कठोर वाटली असेल, पण ती का घालतात हे समजले, की माणसे कशी जुळवावीत हेही स्पष्ट होईल. प्रत्यारोपणाआधी देतात त्या मेल्फलॅन या केमोथेरपीच्या औषधाच्या मोठ्या मात्रेनंतर रक्तपेशी फार खाली येतात आणि परत दिलेल्या मूळपेशी रुजून पांढऱ्या पेशी वाढू लागण्यास साधारण 10 ते 14 दिवस लागतात. तोंड येणे, जुलाब, ताप हा त्रास बहुधा याच काळात होतो. मात्र तेव्हा तुम्ही रुग्णालयात, परिचारिकांच्या देखरेखीखाली असता. माझ्या मते खरी गरज घरी सोडल्यानंतर लागते. मध्यरात्री ताप 100.4 अंश फॅरनहाइटवर गेला, की थकलेला रुग्ण ‘सकाळी पाहू’ म्हणतो आणि पॅरासिटामॉल घेऊन झोपतो. त्याने ताप दबतो, आतला संसर्ग मात्र वाढत राहतो. अशा वेळी तुमचे न ऐकता रुग्णालयाला फोन करणारे आणि तुम्हाला गाडीत बसवणारे माणूस हवे.

ब्युरोची बाई अवश्य ठेवा. स्नानाला मदत, ताजा शिजवलेला स्वयंपाक, उकळलेले पाणी, स्वच्छता हे सारे ती सांभाळील. परंतु पगारी बाईला तुमचा शब्द मोडणे अवघड जाते, म्हणून निर्णय घेणारे माणूस आपलेच असावे.

ते एकच असावे असे मात्र नाही. मावसबहिणीला ‘येशील का?’ असे मोघम विचारू नका. ‘घरी सोडल्यापासून पहिले दोन आठवडे माझ्याजवळ राहा’ असे नेमके सांगा, म्हणजे तिलाही घरची व्यवस्था लावता येईल. त्यानंतरच्या आठवड्यांसाठी जुन्या विद्यार्थिनी, सहशिक्षिका, शेजारी यांना विचारा. इतकी वर्षे शिकवलेल्या बाईंनी हक्काने मागितले, तर अनेकींना ते आपलेपणाचेच वाटेल. प्रत्येकीला एक बदली माणूस ठेवा, कारण सर्दी-खोकला झालेल्या व्यक्तीने तुमच्याजवळ येता कामा नये. भावाने परदेशातून मेडिक्लेमचे कागद आणि नातेवाइकांचे फोन सांभाळावेत; तेही मोठे काम आहे. डॉक्टरांनी कोणाशी बोलायचे, ते नाव मात्र रुग्णालयात आधीच लेखी द्या.

अहमदाबाद वडोदऱ्यापासून सुमारे 110 किलोमीटर दूर असल्याने सुरुवातीचे काही आठवडे रुग्णालयाजवळच खोली घेणे बरे. स्वतंत्र न्हाणीघर असलेली जागा मिळेल का, हे तेथील वैद्यकीय समाजसेवकांना विचारा. नवरात्राच्या सुमारास घरी परतणार असाल, तर भेटायला येणाऱ्यांना आधीच नम्रपणे थांबवा.

एवढे करूनही माणसे जुळली नाहीत, तर तारीख काही आठवडे पुढे नेता येईल का, हे डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा. पेशी गोठवून ठेवण्याची सोय अनेक केंद्रांत असते. मात्र किती थांबणे सुरक्षित आहे, हे तुमचा आजार कितपत आटोक्यात आहे ते पाहून त्यांनीच ठरवायचे आहे.