मसल कार : नाव तेच ठेवा, आकडे मात्र जपून लिहा

प्रश्न असा आला आहे : अमेरिकन गाड्यांवरच्या एका लेखाचा अनुवाद करताना 'मसल कार'ला मराठीत काय म्हणावं? 'स्नायुगाडी' आणि 'बलदंड गाडी' असे दोन पर्याय डोळ्यांसमोर आहेत, त्यातला कुठला चालेल? 'पोनी कार' म्हणजे तीच का? शिवाय त्या लेखात शेवरोले कॅमॅरो झेड/२८ या गाडीची ताकद १९७१ साली ३३० अश्वशक्ती आणि १९७२ साली २५५ अशी दिली आहे. इंजिन तेच, मग ही छपाईची चूक समजून दुरुस्त करावी का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तिथे घाई झाली तर लेखाचं नुकसान होईल. दुरुस्त करू नका, दोन्ही आकडे बरोबर आहेत. कारण पुढे येईलच.

आता नावाकडे. 'स्नायुगाडी' मला पटत नाही. आयुर्वेदात स्नायू म्हणजे सांधे आणि हाडं बांधून ठेवणारे तंतू, आणि मांसल भागाला शब्द होता पेशी. आजच्या मराठीत स्नायू म्हणजे मसल झालं, पेशी गेली जीवशास्त्रात, आणि हिंदीने मात्र मांसपेशी धरून ठेवली. अर्थ बदलला तरी स्नायू हा शब्द शरीरशास्त्राच्या तासातून बाहेर पडलेला नाही. स्नायू आखडतो, दुखावतो, त्याला मालिश करतात. इंग्रजीत 'मसल' म्हटलं की जी रग डोळ्यांपुढे येते ती स्नायूत नाही. मराठी माणसाला ताकद दाखवायची झाली तर तो दंडाची बेटकुळी काढून दाखवतो. कुठे बेडकुळीही म्हणतात, आणि त्यातला बेडूक लपत नाही. गंमत अशी की इंग्रजी 'मसल'च्या मुळाशी जो लॅटिन शब्द आहे त्याचा अर्थ 'लहानसा उंदीर'. कातडीखाली टुणकन वर येणारा तो गोळा पाहून रोमन लोकांना उंदीर आठवला आणि आपल्याला बेडूक. इतका सुंदर शब्द हाताशी असूनही 'बेटकुळीगाडी' कुणी म्हणणार नाही, आणि म्हणूही नये.

'बलदंड'ची अडचण वेगळी आहे. बलदंड गाडी म्हटल्यावर वाचकापुढे ट्रक उभा राहील, फार तर जाडजूड टायरांची जीप. मसल कार या नावात ताकद आहे, पण ते ताकदवान गाड्यांचं सरसकट विशेषण नाही. ते एका ठरावीक मांडणीचं नाव आहे : मध्यम आकाराची, साध्या घरगुती वापराची दोन दरवाजांची अमेरिकन गाडी घ्यायची, तिच्यात त्याच कंपनीच्या थोरल्या गाडीचं मोठं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन बसवायचं, आणि किंमत नुकत्याच नोकरीला लागलेल्या तरुणाच्या आवाक्यात ठेवायची. यातलं शेवटचं कलम विसरलं तर शब्दाचा अर्थच निसटतो. फेरारी कितीही जोरात पळाली तरी ती मसल कार होत नाही.

ही मांडणी ठळकपणे पुढे आली ती १९६४ च्या पॉन्टिअॅक जीटीओमध्ये. पॉन्टिअॅक ज्या कंपनीची, त्या जनरल मोटर्सचा तेव्हा अंतर्गत नियम होता की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० क्युबिक इंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही. पॉन्टिअॅकचे मुख्य अभियंता जॉन डिलोरियन आणि त्यांचे सहकारी बिल कॉलिन्स व रस गी यांच्या लक्षात आलं की टेंपेस्ट या गाडीत बसणारं ३२६ चं इंजिन आणि थोरल्या गाड्यांतलं ३८९ चं इंजिन बाहेरून एकाच मापाची आहेत. म्हणजे ३२६ च्या जागी ३८९ सरळ बसतं, गाडीत फारशी कापाकापी करावी लागत नाही. राहिला नियमाचा प्रश्न. नियम होता मॉडेलसाठी, म्हणून जीटीओ हे मॉडेल म्हणून आलंच नाही. टेंपेस्ट लेमान्स घेताना वरून निवडायचा एक पर्याय म्हणून ते यादीत घातलं गेलं, किंमत सुमारे २९६ डॉलर. पाच हजार गाड्या खपतील असा अंदाज होता, पहिल्या वर्षी खपल्या ३२,४५०. जीटीओ ही अक्षरं फेरारीकडून उचललेली. मूळ इटालियन नावातल्या 'ओ'चा अर्थ शर्यतीसाठी रीतसर मान्यता मिळालेली, आणि पॉन्टिअॅकच्या गाडीला तशी मान्यता नव्हती. अमेरिकन पोरांनी त्याच अक्षरांचं 'गोट' करून टाकलं. तुमच्या लेखात कुणी 'माझी जुनी गोट' म्हणत असेल तर ती शेळी नाही, ही गाडी आहे.

स्वस्ताईचं कलम आणखी स्पष्ट दिसतं १९६८ च्या प्लिमथ रोड रनरमध्ये. आतली सजावट साधी, बाहेर चकचकाट कमी, पण पायाभूत इंजिनच ३८३ क्युबिक इंचांचं आणि किंमत तीन हजार डॉलरच्या आत. कार्टूनमधल्या पक्ष्याचं नाव आणि चित्र वापरण्यासाठी कंपनीने वॉर्नर ब्रदर्सला ५०,००० डॉलर मोजले आणि हॉर्नही त्याच्यासारखा 'बीप बीप' करणारा बसवला. गालिच्यावर वाचवलेले पैसे इंजिनावर आणि हॉर्नवर खर्च करणारी ही गाडी मला त्या काळाची सगळ्यात प्रामाणिक प्रतिनिधी वाटते.

एक सापळा इथेच सांगून ठेवतो. साठच्या दशकातल्या अमेरिकन मासिकांत या गाड्यांना सर्रास 'सुपरकार' म्हटलेलं आढळेल. 'मसल कार' हे नाव पक्कं रुळलं ते नंतर. आज सुपरकार म्हटलं की लँबोर्गिनी, मॅकलॅरेन असली कोट्यवधींची गाडी. त्यामुळे १९६६ च्या उताऱ्यात सुपरकार दिसली तर तिथे मसल कार लिहा.

पोनी कार वेगळी. १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात फोर्ड मस्टँग लोकांपुढे आली आणि तिच्यामुळे या वर्गाला हे नाव पडलं. मस्टँग हा अमेरिकेच्या पश्चिमेकडचा मोकाट घोडा, मूळ शब्द स्पॅनिश. लहान बांधा, लांब नाक, आखूड शेपूट आणि तरुण ढंग ही पोनी कारची ओळख. तिच्यात मोठं इंजिन असायलाच हवं असं नाही. सुरुवातीच्या सगळ्यात स्वस्त मस्टँगमध्ये सहा सिलिंडरचं, शंभरेक अश्वशक्तीचं इंजिन होतं. प्लिमथ बॅराकुडा तिच्या दोनच आठवडे आधी आली होती, पण नाव पडलं ते मस्टँगवरून. पुढे कॅमॅरो, फायरबर्ड, चॅलेंजर याच वर्गात आल्या आणि त्यांतही थोरली इंजिनं बसू लागली, म्हणून सीमा पुसट झाली. आज तर मस्टँग, कॅमॅरो आणि चॅलेंजर या तिघींना सगळे मसल कारच म्हणतात. आजच्या गाडीबद्दल लिहिताना तसं म्हणायला माझी हरकत नाही, रूढी तशी झाली आहे. साठच्या दशकाबद्दल लिहिताना मात्र दोन्ही नावं वेगळी ठेवा. आणि कृपा करून 'पोनी'चं 'तट्टू' करू नका. अर्थ बरोबर आहे, पण मराठीत तट्टू एक तर भाडोत्री असतं, नाहीतर अडेल.

आता आकडे. माझ्या मते अनुवादकाची खरी परीक्षा इथे आहे.

पहिला घोळ ३५०, ३८९, ४२६, ४५४ या संख्यांचा. हे इंजिनाचं आकारमान, आणि ते क्युबिक इंचांत आहे. आपल्याकडे आकारमान सीसीत सांगतात आणि ३५० म्हटलं की कानात बुलेट धडधडते. पण एक क्युबिक इंच म्हणजे १६.४ सीसीच्या आसपास. शेवरोलेचं ३५० म्हणजे ५.७ लिटर, क्रायस्लरचं ४२६ म्हणजे जवळजवळ सात लिटर. '३५० सीसीची कॅमॅरो' असं छापून आलं तर जाणकार वाचक तिथेच लेख बाजूला ठेवेल. शिवाय प्रत्येक संख्या आकारमानाचीच असते असंही नाही. ओल्ड्समोबिलची ४४२ ही 'फोर-फोर-टू', चारशे बेचाळीस नव्हे. १९६४ साली त्यातला पहिला चार म्हणजे चार बॅरलचा, म्हणजे हवा आत घेणाऱ्या चार नळ्यांचा कार्बोरेटर, दुसरा चार म्हणजे चार गिअर, आणि दोन म्हणजे धुराचे दोन पाइप. पुढच्या वर्षी इंजिन ४०० क्युबिक इंचांचं झालं आणि पहिल्या चारचा अर्थ कंपनीने ४०० असा लावला, दुसरा चार कार्बोरेटरकडे गेला. नाव तेच, फोड नवी.

दुसरा घोळ तुमच्या ३३० आणि २५५ चा. १९७१ पर्यंत अमेरिकन कंपन्या जाहिरातीत जी अश्वशक्ती सांगत ती 'ग्रॉस' असे. इंजिन गाडीतून बाहेर, चाचणीच्या चौथऱ्यावर, आल्टरनेटर वगैरे लोढणी काढलेली, सायलेन्सर नाही, इग्निशन सगळ्यात अनुकूल जागी लावलेलं. १९७२ पासून कंपन्या 'नेट' आकडा देऊ लागल्या, म्हणजे एअर फिल्टर, सायलेन्सर, पंखा असा गाडीतला सगळा संसार गळ्यात घेऊन इंजिन जे देतं ते. पगारपत्रकावरचा पगार आणि हातात पडणारा पगार यांत असतो तसा हा फरक.

झेड/२८ चं इंजिन जवळून पाहा. १९७० साली ३६० ग्रॉस. १९७१ साली ३३० ग्रॉस, कारण शिसं नसलेल्या पेट्रोलवर चालावं म्हणून जनरल मोटर्सने सगळ्या इंजिनांचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण दाबण्याचं प्रमाण, उतरवलं होतं. ही घट खरी. त्या वर्षी कंपनीने नेट आकडाही दिला होता, तो २७५. आणि १९७२ साली २५५ नेट. म्हणजे ३३० वरून २५५ ही जी ७५ ची दरी दिसते तीतले ५५ निव्वळ मोजण्याच्या पद्धतीचे, उरलेले २० इंजिनाचे. 'एका वर्षात मसल कारची ताकद चौथाईने घटली' हे वाक्य अनेक लेखांत येतं, तुमच्यातही असेल तर तिथे टीप द्या. मसल कारचा पहिला बहर ओसरला हे खरंच आहे, पण त्याला विमा कंपन्यांनी वाढवलेले हप्ते, १९७० चा स्वच्छ हवेचा कायदा आणि १९७३ ची तेलटंचाई अशी ठोस कारणं आहेत. त्यात मोजपट्टी बदलल्याचा परिणाम मिसळू नये.

मग ग्रॉस आणि नेटला मराठी काय? हिशेबाच्या पुस्तकातले 'ढोबळ' आणि 'निव्वळ' लगेच सुचतात. 'निव्वळ अश्वशक्ती' उत्तम आहे, बिनधास्त वापरा. 'ढोबळ' मात्र धोक्याचं. ढोबळ नफा वाणिज्य शिकलेल्याला कळतो, पण रोजच्या बोलण्यात ढोबळ म्हणजे अंदाजे. 'ढोबळ ३३० अश्वशक्ती' वाचून लोक समजतील की साधारण तेवढी. मी 'नुसत्या इंजिनाची ३३० अश्वशक्ती' असं लिहीन. जागा जास्त लागते, पण गैरसमज होत नाही.

अश्वशक्ती या शब्दाबद्दल शंका नको. शेतकरी पंपाची मोटर 'पाच एचपीची' म्हणतो, पाठ्यपुस्तक अश्वशक्ती म्हणतं, दोन्ही सर्वांना कळतं. फक्त एक बारकावा. जर्मन पद्धतीचं 'पीएस' म्हणजेही शब्दशः अश्वशक्तीच, पण तो घोडा थोडा लहान : ७३५.५ वॉटचा, ब्रिटिश-अमेरिकन घोडा सुमारे ७४६ चा. जुलै २०१६ मध्ये फोर्डने मस्टँग जीटी भारतात आणली, दिल्लीत ६५ लाखांना, तेव्हा काही ठिकाणी तिची ताकद ४०१ छापून आली तर काही ठिकाणी ३९६. पहिला आकडा पीएसमध्ये होता, एवढाच फरक. अमेरिकन गाड्यांच्या लेखात पीएस क्वचितच येईल, पण युरोपीय मजकुरावरून काही उचललं असेल तर तपासा.

जुन्या आणि नव्या गाड्यांची तुलना करतानाही हेच भान हवं. १९६६ पासून रस्त्यावर आलेल्या ४२६ हेमीचा प्रसिद्ध आकडा ४२५, तो नुसत्या इंजिनाचा. १९७१ साली त्याच हेमीचा निव्वळ आकडा ३५० दिला गेला. २०१५ च्या चॅलेंजर हेलकॅटचे ७०७ हे निव्वळ. ४२५ शी तुलना केली तर वाढ दीडपटीच्या थोडी वर दिसते, खरी वाढ दुपटीची आहे. जाता जाता, हेमी हा शब्द अर्धगोलावरून आला, सिलिंडरच्या माथ्यावरच्या ज्वलनकक्षाचा आकार तसा म्हणून. ग्रीक 'हेमी' आणि संस्कृत 'सामि' ही सख्खी भावंडं, दोन्हींचा अर्थ अर्धा. आजच्या हेमीचा कक्ष काटेकोर अर्धगोल राहिलेला नाही, नाव मात्र टिकलं. त्यामुळे त्याचं भाषांतर नको, हेमीच ठेवा.

लेख आजपर्यंत येत असेल तर 'सिक्स पॅक'पाशी थांबून बघा. १९६९-७० च्या डॉजमध्ये सिक्स पॅक म्हणजे ४४० क्युबिक इंचांच्या व्ही-८ वर बसवलेले दोन-दोन बॅरलचे तीन कार्बोरेटर, मिळून सहा बॅरल. प्लिमथवाले त्यालाच सिक्स बॅरल म्हणत. जुनी चॅलेंजर २०२३ च्या अखेरीस बंद झाली. डॉजचीच चार्जर ही गाडी नव्या रूपात विजेवर आली, आणि तिच्या पेट्रोलवाल्या भावंडाला कंपनीने सिक्सपॅक हेच नाव दिलं. तिच्यात कार्बोरेटर नाही आणि व्ही-८ही नाही, तीन लिटरचं, दोन टर्बोंचं, सहा सिलिंडरचं इंजिन आहे. तेव्हा १९७० च्या वाक्यात 'सहा बॅरलचं सिक्स पॅक' आणि आजच्या वाक्यात 'सहा सिलिंडरचं सिक्सपॅक' असं लिहा, नाहीतर वाचक दोन्ही इंजिनं एकच समजेल.