किनाऱ्यावर उपयोगी पडेल असे ॲप

प्रश्न : आम्ही नाशिकमधील अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहोत. समुद्रकिनाऱ्यावर येणाऱ्या पर्यटकांना सागरी जीवसृष्टीच्या संवर्धनाची माहिती देणारे मोबाइल ॲप तयार करणे, हा विषय आम्ही प्रकल्पासाठी घेतला आहे. सुमारे दोनशे प्राण्यांची सचित्र माहिती, एक प्रश्नमंजूषा आणि प्राण्यांचे फोटो टाकून गुण मिळवण्याची सोय, असा आराखडा तयार आहे. आमच्यापैकी कोणीही समुद्राकाठचे नाही. आराखड्यात काय राहून गेले आहे आणि काय नको, हे कृपया सांगावे.
— तीन विद्यार्थी, नाशिक

उत्तर : विषय फार चांगला निवडला आहे आणि म्हणूनच आराखड्याविषयी स्पष्ट लिहीत आहे. दोनशे प्राण्यांची माहिती घरी निवांत बसून वाचण्यासारखी असते. दोन दिवसांसाठी किनाऱ्यावर आलेल्या कुटुंबाला त्या वेळी वेगळेच प्रश्न पडलेले असतात. पाणी चढते आहे की उतरते आहे, गाडी वाळूवर नेली तर चालेल का, वाळूत पडलेली निळसर फुग्यासारखी वस्तू मुलाने उचलली तर काही होईल का, हे त्यांना लगेच हवे असते. ही उत्तरे देता देता संवर्धनाची गोष्ट सांगितली तर ती ऐकली जाते; नुसता उपदेश म्हणून सांगितली तर तो पडदा कोणी उघडणारही नाही.

म्हणून पहिल्या स्क्रीनवर प्राणी नकोत, भरती-ओहोटी हवी. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचा ठोकताळा आपल्या किनाऱ्यावर पूर्वापार चालत आलेला आहे आणि तो तुम्हाला नाशिकला बसून, भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरूनही समजून घेता येईल. तृतीया असेल तर तीनची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे दुपारी सव्वादोनच्या सुमारास पूर्ण भरती, आणि तिच्या साधारण सहा तास आधी व नंतर, म्हणजे सकाळी आठच्या व रात्री साडेआठच्या सुमारास पूर्ण ओहोटी. दोन भरत्यांमध्ये सुमारे 12 तास 25 मिनिटांचे अंतर असल्यामुळे ही वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या लगतच्या दिवसांत उधाण असते, तेव्हा पाणी खूप वर चढते आणि तितकेच मागेही हटते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते आणि पाण्याची हालचाल बेताचीच राहते. मात्र हा ठोकताळा वापरकर्त्याला समजावून सांगण्यापुरताच ठेवा. प्रत्यक्ष वेळा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यांवरूनच घ्या, कारण त्या बंदरागणिक थोड्याफार बदलतात, आणि डहाणू-बोर्डीकडे पाण्याची चढउतार मालवणपेक्षा बरीच मोठी असते. उंच लाटांचे इशारे हैदराबादचे ‘इन्कॉइस’ हे केंद्र सरकारचे केंद्र देते. नेटवर्क मिळेल तेव्हा तेही ॲपमध्ये यावेत. एका किनाऱ्याच्या वर्षभराच्या भरती-ओहोटीच्या नोंदी दीड हजारांच्या आतच भरतात, त्यामुळे हा सारा तक्ता फोनमध्येच साठवणे मुळीच अवघड नाही.

एकदा वेळ कळली की ॲपला त्या वेळेनुसार बोलता येते. पाणी उतरत असेल आणि जवळ खडकाळ भाग असेल, तर माणसे डबक्यांतले जीव पाहायला खडकांवर उतरणार, हे गृहीत धरा. तिथे एक साधी गोष्ट सांगायची असते. कुतूहलाने उलटवलेल्या दगडाच्या खालच्या बाजूला स्पंज, गोगलगाईंची अंडी, बारीक खेकडे आणि ठिसूळ तारामासे चिकटलेले असतात. ही बाजू कायम ओलसर सावलीत राहिलेली असते. दगड तसाच उताणा टाकून माणूस पुढे गेला की उन्हाने ती बाजू वाळते आणि एवढा संसार त्याच ओहोटीत मरून जातो. दगड होता तसा, हळूच पालथा ठेवणे एवढेच करायचे असते आणि ते सात वर्षांच्या मुलालाही जमते. त्याच खडकांवर तपकिरी-हिरवट, चामड्यासारखा मऊ थर पसरलेला दिसतो आणि शेवाळ समजून लोक त्यावरून चालत जातात. बहुतेक वेळा ती प्रवाळांच्या नात्यातल्या झोअँथिड नावाच्या प्राण्यांची वसाहत असते. अशा दोन-तीन सूचना, मोठ्या स्वच्छ छायाचित्रांसह, नेमक्या त्या तासाला दाखवल्या तर त्या दोनशे पानांपेक्षा जास्त काम करतील.

पाणी चढत असेल तर गोष्ट गाडीची. वाळूवर गाडी घातल्याने खेकड्यांची बिळे आणि कासवांची घरटी चिरडली जातात, हे सांगाच. पण ‘आणखी दोन तासांनी इथे पाणी असेल’ हे वाक्य त्याच्या आधी लिहा. भरतीत रुतलेल्या गाड्यांच्या बातम्या आपण सगळेच वाचतो, आणि खेकड्याची फिकीर नसणारा माणूसही स्वतःच्या गाडीसाठी थांबतो. मालवणला 1987 साली घोषित झालेल्या सागरी अभयारण्याच्या परिसरात पाण्याखाली उतरणाऱ्यांसाठी ‘प्रवाळावर उभे राहू नका’ ही सूचना बोटीत बसण्यापूर्वी दिसायला हवी, संध्याकाळी खोलीवर परतल्यावर नव्हे.

आता काय नको ते लिहितो. फोटोंवर गुण देण्याची सोय कृपया काढून टाका. गुण मिळणार म्हटल्यावर मुले खेकडा हातात धरतील, तारामासा पाण्याबाहेर काढतील आणि चांगला फोटो येईपर्यंत सोडणार नाहीत. ज्यांना वाचवायचे त्यांच्यावरच ॲपमुळे संकट येईल. फोटोवरून प्राणी आपोआप ओळखण्याची सोयही पहिल्या आवृत्तीत नको. शंकूच्या आकाराच्या देखण्या कोन गोगलगाईचा दंश विषारी असतो आणि पावसाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यांवर वाहून येणाऱ्या ब्लू बॉटल या निळसर फुग्यासारख्या जिवाचे धागे, तो मेल्यावरही, डंख मारतात. अशा वेळी यंत्राचा अंदाज चुकणे परवडत नाही. त्याऐवजी हात लावू नये अशा मोजक्या जिवांचे एक ठळक पान करा आणि डंख झालाच तर जागा चोळू नये, समुद्राच्याच पाण्याने धुवावी आणि दवाखाना गाठावा, हे तिथेच लिहा.

कासवांच्या बाबतीत तर माहिती लपवणे हेच संवर्धन आहे. ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या आपल्या किनाऱ्यावर साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री येऊन वाळूत अंडी घालतात आणि पिल्ले बाहेर पडायला दीड-दोन महिने लागतात. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 साली सुरू केलेल्या कामामुळे आणि गावकऱ्यांनी ते आपले मानल्यामुळे अंडी सुरक्षित कुंपणात ठेवून पिल्ले समुद्रात सोडण्याची पद्धत रुजली, आणि ती पाहायला आपल्या नाशिकहूनही लोक जातात. अशा लोकांसाठी वागण्याचे नियम जरूर द्या: फ्लॅश आणि टॉर्च नको, कारण पिल्ले उजळ क्षितिजाच्या दिशेने चालतात आणि कृत्रिम उजेडाने भरकटतात, दोरीच्या पलीकडे पाऊल नको, पिल्लू हातात घेणे नको. पण घरट्याची जागा नकाशावर कधीही दाखवू नका आणि वापरकर्त्याने पाठवलेल्या फोटोसोबत येणारे अचूक स्थानही साठवू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या कासवाला सर्वोच्च संरक्षण दिलेले आहे. त्याचा पत्ता आपण फोनवर वाटू नये. जखमी कासव दिसले तर ते पाण्यात ढकलू नये, वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे, एवढे एक बटण मात्र असू द्या.

तांत्रिक बाजूबद्दल थोडक्यात. दोन दिवसांच्या सहलीसाठी कोणी नवे ॲप डाउनलोड करून घेत नाही. त्यामुळे ब्राउझरमध्ये उघडणारे, पण एकदा उघडल्यावर नेटवर्कशिवाय चालणारे वेब ॲप करा आणि त्याचा क्यूआर कोड घरगुती खाणावळीत, एसटी स्टँडवर, बोटीच्या तिकिटावर लावायची परवानगी मिळवा. पांढऱ्या पडद्यावर काळी, मोठी अक्षरे ठेवा, कारण भर उन्हात फिकट रंग दिसत नाहीत आणि ओल्या बोटाला लहान बटण दाबता येत नाही. सूचना बोलून दाखवण्याची सोय हवीच, आणि आवाज यंत्राचा न ठेवता किनाऱ्यावरच्या माणसाचा घ्या.

कोड लिहिण्यापूर्वी एकदा उधाणाच्या दिवसांत बोर्डीला किंवा डहाणूला जाऊन या. त्र्यंबक, मोखाडा, जव्हारमार्गे तो किनारा नाशिकला जवळचा आहे. तिथे मासेमारी करणाऱ्या कोणा वडीलधाऱ्यांबरोबर ओहोटीत चाला आणि पर्यटक नेमके कुठे थांबतात, काय उचलतात, कशावर पाय देतात, ते पाहून टिपून ठेवा. ॲप तयार झाल्यावर हीच टिपणे उपयोगी पडतील. किती जणांनी ते उघडले हा आकडा परीक्षकांना दाखवायला ठीक आहे. पण ॲप हातात असलेल्या गटातील किती जणांनी उलटवलेला दगड परत जागेवर ठेवला, आणि नसलेल्या गटातील किती जणांनी, ही तुलनाच तुमच्या कामाची खरी परीक्षा आहे.

प्रश्न : आमच्या शाळेची सहल कोकणात जाते. मुलांकडे फोन नसतात आणि नसावेत असेच मला वाटते. मग अशा ॲपचा शाळेला काय उपयोग? शिवाय ‘नाशिकच्या मुलांना समुद्राचे काय’ असेही काही पालक विचारतात.
— माध्यमिक शिक्षिका, सिडको, नाशिक

उत्तर : आपले म्हणणे योग्य आहे. मुलांच्या हाती फोन देण्याची गरज नाही. एका शिक्षिकेच्या फोनवर त्या दिवसाची भरतीची वेळ आणि तीन सूचना असल्या आणि त्या बसमधून उतरण्यापूर्वी मोठ्याने वाचल्या, तरी काम होते.

पालकांना नकाशा दाखवावा. ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदावरी 1465 किलोमीटर पूर्वेकडे वाहत बंगालच्या उपसागराला मिळते. त्याच त्र्यंबकच्या डोंगरांत उगम पावणारी वैतरणा मात्र पश्चिमेला अरबी समुद्राकडे जाते, आणि आपल्याच जिल्ह्यात उगम पावणारी दमणगंगा दमणजवळ समुद्राला मिळते. रामकुंडाजवळ पाण्यात पडलेली प्लास्टिकची पिशवी आणि त्र्यंबकच्या पलीकडच्या उतारावर टाकलेली बाटली वाटेत कुठे अडकली नाही, तर दोन वेगवेगळ्या समुद्रांच्या दिशेने निघालेली असते. सहलीपूर्वी मुलांकडून हा नकाशा काढून घेतला, तर किनाऱ्यावर पडलेला कचरा त्यांना परका वाटणार नाही.

आणखी एक गोष्ट ॲप निवडताना पाहावी. मुलांचे नाव, वय किंवा फोन नंबर मागणारे ॲप शाळेने वापरू नये. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 साली झाला असून, अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यापूर्वी पालकांची संमती घेण्याची तरतूद त्यात आहे. भरती किती वाजता आहे हे सांगण्यासाठी कोणाचेही नाव लागत नाही, त्यामुळे नोंदणी न करता उघडणारे ॲपच घ्यावे.