वॉर्डातली अकरा वर्षं

तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात, दुपारी तीनच्या उन्हात, एक सिस्टर मॉर्निंग ड्यूटी आटोपून पुढच्या शिक्षणाचा सल्ला घ्यायला थेट माझ्याकडे आली. नागपूरच्या धंतोलीतल्या एका खासगी रुग्णालयात, लहान मुलांच्या वॉर्डात ११ वर्षं नोकरी. आधी जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका, नोकरी करता करता पोस्ट बेसिक बी.एस्सी., म्हणजे पदविकेनंतरची पदवी. वय ३७. तिला इथे मंदा म्हणते; ओळख पटू नये म्हणून काही तपशीलही बदलले आहेत.

पाणी पिऊन झाल्यावर म्हणाली, "मॅडम, मले एम.एस्सी. करून नर्सिंग कॉलेजात शिकवायचं आहे. पण घरचे म्हणतात, आता काहून? पोरगी आठवीत. अन् मी मराठी शाळेतली. इंग्रजीत लेक्चर जमन का मले? वॉर्डातली इतकी वर्षं तर वायाच जातीन."

हा प्रश्न माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या सिस्टर विचारतात. वय, इंग्रजी आणि 'वाया जाणं', या तिन्ही गोष्टी एकाच गाठोड्यात बांधून आणतात.

मी तिला म्हटलं, "समजा, मी कालच रुजू झालेली सिस्टर आहे. माझ्या पेशंटला रक्त चढवायचं आहे. मला शिकव."

ती क्षणभर गोंधळली, मग सुरू झाली. रक्ताची पिशवी दोघींनी मिळून तपासायची: नाव, नोंदणी क्रमांक, रक्तगट, पिशवीचा नंबर, मुदत. सुरू करण्याआधी ताप, नाडी, बीपी लिहून ठेवायचं. पहिली १५ मिनिटं पेशंटजवळून हलायचं नाही. बोलता बोलता तिच्या वॉर्डातली सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराची, मुलं आली. विदर्भात हा आजार किती घरांत आहे ते इथल्या माणसाला सांगायला नको. गडचिरोलीकडून आलेलं पोर अंग दुखतंय म्हणून रडत असतं, त्याच्या आईला काय सांगायचं, तेही तिने सांगितलं. आणि मग माझ्याकडे बोट करून विचारलं, "सांगा बरं, रक्त सुरू असताना पोराला थंडी वाजली, तर पहिले काय करसान?"

मी म्हटलं, "डॉक्टरांना बोलवीन."

"नाही. पहिले रक्त बंद. शिरेतली सुई काढायची नाही, नव्या सेटनं सलाईन लावून लाईन चालू ठेवायची. मग डॉक्टर."

शिकवल्यावर समोरच्याला कळलं की नाही हे तपासायचं तिला कोणी सांगितलं नव्हतं. एम.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षात 'नर्सिंग एज्युकेशन' हा स्वतंत्र विषयच असतो. पाठाचं नियोजन, उद्दिष्टं, मूल्यमापन, वर्गासमोर सराव-पाठ. मंदा हे सगळं खाटेशेजारी उभी राहून करत होती, फक्त त्याची नावं तिला माहीत नव्हती. इंग्रजी लिहावं-वाचावं लागणार, ते मी लपवलं नाही. पण भंडारा, गोंदियाच्या खेड्यांतून आलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलीला इंग्रजी शब्द मराठीत फोडून सांगणारी शिक्षिका मिळाली, तर ती मुलगी टिकते. हे मी पाहिलं आहे, म्हणून ठामपणे सांगते.

मग कागद काढले. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांनुसार बी.एस्सी. किंवा पोस्ट बेसिकला किमान ५५ टक्के, राज्याच्या परिचर्या परिषदेकडची नोंदणी आणि किमान एका वर्षाचा कामाचा अनुभव लागतो. तिला ५८ टक्के होते. मैत्रिणीने तिला घरबसल्या पत्राद्वारे एम.एस्सी. करण्याचं सुचवलं होतं. ते मी तिथेच थांबवलं. दूरस्थ एम.एस्सी. नर्सिंगला भारतीय परिचर्या परिषदेची मान्यता नाही. अभ्यासक्रम २ वर्षांचा, पूर्णवेळ, वॉर्डातल्या ड्यूटीसकट. म्हणजे २ वर्षं पगार नाही.

इथे ती गप्प झाली. खरी अडचण हीच होती, इंग्रजी नव्हे. नवरा बुटीबोरीला कारखान्यात, घराचा हप्ता सुरू. मी पुढचंही सांगितलं: पदवी हातात आली की लगेच सहायक प्राध्यापक होत नाहीत. त्यासाठी शिकवण्याचा ३ वर्षांचा अनुभव लागतो, तोवर ट्यूटर. खासगी कॉलेजात ट्यूटरचा पगार अनुभवी स्टाफ नर्सपेक्षा कमीही असू शकतो. हे आज ऐकलेलं बरं.

नाइट ड्यूटी सुटावी एवढ्यासाठी शिक्षिका व्हायला येणाऱ्यांना मी परत पाठवते. विद्यार्थिनींना घेऊन वॉर्डात दिवसभर उभं राहणं, त्यांची प्रत्येक चूक पेशंटपर्यंत पोहोचण्याआधी पकडणं, याचा थकवा वेगळा असतो. मंदाला मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "नाइटचं काही नाही मॅडम. नव्या पोरी घाबरून चुका करतात, अन् त्यायले रागावतात सगळे, शिकवत कोणी नाही."

आम्ही एक वर्ष थांबायचं ठरवलं. त्या वर्षात पैसे साठवायचे, सीईटीचा अभ्यास करायचा आणि मेट्रनला, म्हणजे रुग्णालयातल्या मुख्य सिस्टरला, भेटून नव्या सिस्टरांचा आठवड्यातला एक तास मागून घ्यायचा. नोकरी न सोडता स्वतःला आजमावायला याहून चांगली जागा नाही. मेट्रननी गुरुवार दिला. पुढच्या भेटीला नवऱ्यालाही बोलावलं. ते हिशेबाची वही घेऊनच आले होते, आणि सासूबाईंनी पोरीच्या डब्याचं स्वतःहून अंगावर घेतलं होतं.

विशेष विषय निवडताना 'मेडिकल सर्जिकल घे, जागा जास्त असतात' असा सल्ला तिला चहूकडून मिळाला. मी बालआरोग्य म्हटलं. ११ वर्षं जिथे हात बसला, तोच विषय शिकवताना बोलतो.

आज ती दुसऱ्या वर्षाला आहे. शोधप्रबंधाचा विषय, सिकलसेल असलेल्या मुलांच्या आयांना आजाराबद्दल किती माहिती आहे. पहिल्या वर्षात असताना तिचा फोन आला होता, "मॅडम, पहिल्या सराव-पाठाले हात थरथरत होते. मग वर्गातल्या एका पोरीले विचारलं, थंडी वाजली तर पहिले काय करशील? ती म्हणाली, डॉक्टरले बोलवीन."

"मग?"

"मग भीतीच गेली."