वारूळ की दगड

पोरी,

तुझं पत्र मिळालं. समुद्र अजून पाहिलेला नाही, आणि खोल पाण्यातल्या प्रवाळांचे नकाशे करायचे म्हणतेस. गावात लोक हसतात, असंही लिहिलंस. हसू दे. मीही यवतमाळच्या कोरडवाहू शिवारातूनच जहाजावर गेलो होतो. पहिला आठवडा नुसता ओकण्यात गेला, तो भाग वेगळा.

प्रवाळ म्हटलं की तुझ्या डोळ्यांपुढे लक्षद्वीपचं उथळ, उबदार पाणी येत असेल. हे ते नव्हेत. हे अंधारात, साधारण 4 ते 12 अंशांच्या गार पाण्यात वाढतात आणि प्रवाहाबरोबर येणारं बारीक अन्न पकडून जगतात. लोफेलिया नावाची जात वर्षाला काही मिलिमीटर, फार तर दोन-अडीच सेंटिमीटर वाढते. खालचा भाग मरतो, सांगाड्यात गाळ अडकतो, वर जिवंत फांद्या फुटत राहतात. हजारो वर्षांत टेकडी उभी राहते. धुऱ्यावरचं वारूळ आठव, तसंच.

उजेड पोचत नाही, म्हणून मोजायचं आवाजाने. विहिरीत खडा टाकून आपण 'डुबुक' व्हायची वाट पाहतो ना, त्याच जातीचं काम. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण 1500 मीटर धावतो. मल्टिबीम यंत्र आवाजाचे शेकडो किरण एकदम पंख्यासारखे सोडतं, तळावरून परतायला लागलेल्या वेळावरून खोली काढतं, आणि जहाज डवरणीसारखं तासामागून तास काढत जातं, प्रत्येक पट्टा शेजारच्यावर थोडा चढवून. शेतात सुटलेला तास तणामुळे आठवड्यात उघडा पडतो. समुद्रात सुटलेला कुणालाच दिसत नाही.

पण 1500 हा आकडा पाठ करून बसू नकोस. तापमान आणि खारटपणा बदलला की आवाजाचा वेग बदलतो, वाट वाकते. वरपासून खालपर्यंतचं पाणी आधी मोजलं नाहीस, तर सपाट तळही कडांना वर वळलेला दिसेल, परातीसारखा.

आता माझी फजिती. उत्तरेकडच्या एका समुद्रात पडद्यावर उंचवटे दिसले, परतणारा आवाजही कडक. मी बिनदिक्कत 'प्रवाळ' लिहून मोकळा झालो. कॅमेरा खाली सोडला तर हिमनगांनी आणून टाकलेले धोंडे! साहेब एक शब्द बोलले नाहीत, फक्त अख्खा नकाशा परत करायला लावला. 1000 मीटर खोलीवर एक अंशाचा किरण तळावर सुमारे 17 मीटर रुंद पडतो. एवढ्या डागात वाडा मावतो, त्यात प्रवाळाची फांदी काय ओळखणार? आवाज आकार सांगतो. जिवंत आहे की नाही, ते कॅमेऱ्यालाच विचारावं लागतं.

अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्याबाहेर, समुद्राच्या तळाशी ब्लेक पठार आहे. 2024 मध्ये तिथला 26 लाख हेक्टरांचा प्रवाळ-प्रदेश नकाशावर आला, आपल्या जिल्ह्याच्या जवळपास दुप्पट. टेकड्यांची 83,908 शिखरं, 31 सर्वेक्षणं, आणि पाणबुडी यानांच्या डुबक्या 23. हे आकडे शेजारी मांडून बघ, मग कळेल बाकीचं कशावरून ताडलं.

आणि ताडलेलं ताडलेलंच लिही. नॉर्वेने 1999 मध्ये सुला इथल्या प्रवाळांवर तळ खरवडणारी जाळी बंद केली. अशी हद्द नकाशावर आखली जाते. खूण चुकली तर एक तर कुणाचा धंदा फुकट बसतो, नाहीतर हजारो वर्षांची टेकडी एका फेरीत मोडते. धुऱ्याची मोजणी चुकली की सख्खे भाऊ कोर्टात जातात, हे तुझ्या घरी पाहिलंच आहेस.

उन्हाळ्यात गावतलावावर जा. एकटी नको, डोंग्यातून, बाबांना घेऊन. दोरीला वजन बांध, गाठी मार, खोली मोज. जिथे दोरी टाकली नाहीस तिथे कागद कोरा ठेव, आणि तो कागद मला पाठव.

तुझा,
काका